चिमणीच्या पोटातली ज्वारी

माय, तुला पत्र लिहिणं हा शुद्ध वेडेपणा आहे. तू गेलीस त्याला वीस वर्षं उलटून गेली, आणि असतीस तरी तुला अक्षर कुठं येत होतं? कुणाचं पत्र आलं की तू ते माझ्या हातात द्यायचीस, समोर मांडी घालून बसायचीस आणि कागदाकडं न बघता माझ्या तोंडाकडं बघत राहायचीस. म्हणजे हे पत्रही मलाच तुला वाचून दाखवावं लागलं असतं. ते माझ्याच्यानं झालं नसतं. म्हणून तू नाहीस तेव्हा लिहायला बसले आहे, हे आधीच सांगून टाकते.

निमित्त नातीचं झालं. केजच्या तिच्या इंग्रजी शाळेत डिसेंबरात नाताळचं झाड उभं करतात, आणि यंदा प्रत्येक मुलानं घरी हातानं केलेली एक वस्तू झाडाला टांगायला आणायची, असा हुकूम निघाला. सून बाजारातून चकचकीत गोळा आणायला निघाली होती. मी म्हटलं, थांब जरा. ट्रंकेतून जुन्या इरकलीचा तुकडा काढला, सुई ओवली, आणि चाळीस वर्षांनी माझ्या हातून चिमणी झाली. चोच, शेपटी, पंखावरचा धावदोरा, सगळं जिथल्या तिथं. नात टाळ्या पिटत म्हणाली, ‘‘आजी, तुला हे कुणी शिकवलं?’’ म्हटलं, माझ्या आईनं. ‘‘ती ख्रिश्चन होती?’’ मला हसूच आलं. म्हटलं, नाही गं बाई, जयभीमवाली होती, आणि नाताळचं झाड तिनं उभ्या जन्मात बघितलं नव्हतं. पण शेवटचा टाका घालायची वेळ आली तेव्हा माझा हात आपोआप ज्वारीच्या डब्याकडं गेला. झाकण उघडलं आणि तसंच लावून टाकलं. चिमणी रिकाम्या पोटानंच शाळेत गेली. तेव्हापासून दोन दिवस मला जेवण गोड लागत नाही.

मी दहावी पास होऊन घरी बसले होते ते वर्ष. पाऊस सलग दोन वर्षं नुसता तोंड दाखवून गेला होता. बहात्तरच्या दुष्काळात तू खडी फोडलेली, त्यामुळं तुला दुष्काळाचं कौतुक नव्हतं. म्हणायचीस, ‘‘तवा दाना नव्हता, पर हिरीला पानी व्हतं. आता रेशनचा दाना तरी हाय, तर पान्याची बोंब.’’ दिवाळी झाली की तू आणि दादा, माझे वडील, कोयता घेऊन पश्चिमेकडच्या साखर कारखान्यावर ऊसतोडीला जायचात, मला मावशीकडं ठेवून, आणि होळीच्या आसपास काळेठिक्कर पडून परत यायचात. त्या वर्षी तुम्ही परत आलात आणि दुसऱ्याच आठवड्यात गावात बायकांची सहकारी संस्था निघाली. निघाली म्हणजे काय, सहकार खात्याच्या धारूरच्या साहेबानं येऊन सांगितलं की दुष्काळात बायांना गावातच काम मिळायचं असेल तर संस्था काढा, नोंदणी करा. अध्यक्ष झाली धनगरवाड्यावरची काकू, कारण तिचा आवाज डोंगराच्या पलीकडच्या मेंढरांनाही ऐकू जायचा. सचिव झाले मी, कारण अख्ख्या सभासदांत लिहिता-वाचता येणारी मी एकटी. वासरात लंगडी गाय शहाणी, दुसरं काय. सतराव्या वर्षी लोक मला ‘सचिवबाई’ म्हणायला लागले आणि माझे पाय जमिनीला लागेनात.

पुण्याच्या एका संस्थेतल्या ताई पहिल्यांदा आल्या तो दिवस मला अजून दिसतो. शाळेचा व्हरांडा. सगळ्या बाया पदर सावरून बसल्यात. ताईंनी पिशवीतून एक मोठं चित्र काढलं: घरात उभं केलेलं हिरवंगार झाड, त्याला टांगलेल्या घंटा, चांदण्या, पाखरं. त्या सांगतायत की परदेशात नाताळला असं झाड घरोघरी सजवतात, त्यासाठी हातानं शिवलेल्या चिमण्या तुम्ही करून द्यायच्या. मग काकूनं विचारलं, ‘‘पर बाई, झाडाला चिंध्याच्या चिमन्या कावून टांगायच्या? खऱ्या न्हाईत का त्यांच्याकडं?’’ सगळा व्हरांडा हसला. ताईही हसल्या. काकू थांबते कुठली. ‘‘आन् घरात एवढं हिरवं झाड ठिवलं तर माझ्या शेळ्या एका रातीत फस्त करतील.’’ तू मात्र हसली नव्हतीस. तू चित्र हातात घेऊन बराच वेळ बघत होतीस. तेव्हा आपल्या शिवारात बाभळीशिवाय हिरवं काही उरलंच नव्हतं. मग तू हळूच म्हणालीस, ‘‘लई चांगलं हाय. घरात पाखरं येतेत त्यांच्या.’’

वाकळ शिवण्यात तुझा हात धरणारी पंचक्रोशीत कुणी नव्हती. जुन्या लुगड्यांचे थर लावून तू जी वाकळ शिवायचीस, तिचे टाके मुंग्यांच्या रांगेसारखे सरळ जायचे. नमुन्याची पहिली चिमणी तूच केलीस. ती बघून ताई म्हणाल्या, बस्स, सगळ्या अशाच हव्यात. मग कामाची वाटणी झाली. कुणी कापड कापायचं, कुणी चोच-शेपटी शिवायची, कुणी आत लोकर आणि चिंध्या भरायच्या; लोकर काकूच्या मेंढ्यांची. आणि पोट मिटवणारा शेवटचा टाका प्रत्येक चिमणीला तुझाच. तुझ्या हाताखालून गेल्याशिवाय एकही चिमणी खोक्यात पडत नव्हती.

आणि तिथंच तुझी ती माहेरची रीत आली. वाकळ पुरी होताना शेवटचा कोपरा मिटवण्याआधी तू आत भाकरीचा तुकडा, नाहीतर चार दाणे घालायचीस. रिकाम्या पोटाची वाकळ ऊब देत नाही, असं तुझ्या आईनं तुला सांगितलं होतं. दीक्षा घेतल्यावर आपल्या घरातून देव्हारा गेला, उपास गेले, अंगात येणारे गेले, पण ही रीत तू सोडली नाहीस. दादा एकदा चिडवत म्हणाले होते, ‘‘बुद्धाची झालीस, आन् हे काय जुनंच धरून बसलीस?’’ तू सुई न थांबवता म्हणालीस, ‘‘हे देवाचं न्हाई, पोटाचं हाय.’’ तर तू प्रत्येक चिमणीच्या पोटात तीन दाणे ज्वारी घालायचीस. सकाळी जात्यावर बसलीस की दळणातली मूठभर बाजूला काढून पदराच्या गाठीत बांधायचीस. काकू तुला रोज टोचायची, ‘‘आपल्या पोटाला न्हाई आन् चिंधीच्या पाखराला जेवन!’’ सगळ्या हसायच्या. तूही हसायचीस, आणि दाणे टाकायचीस.

एकदा मी शहाणपणा केला. तू पाण्याला गेली होतीस, आठ-दहा चिमण्या राहिल्या होत्या, मी भराभर पोटं मिटवून टाकली. तू आलीस, एक चिमणी हातात घेतलीस, बोटांनी चाचपलीस, आणि कात्री घेऊन उसवलीस. मग दुसरी. मी ओरडले, अगं, झालेलं काम कशाला उसवतेस? तू माझ्यावर क्वचितच रागवायचीस, पण त्या दिवशी रागावलीस. ‘‘पोरी, आपन दुष्काळातली मानसं. उपाशी पोट म्हंजी काय ते आपल्याला ठावं हाय. आन् उपाशी पाखरू धाडायचं लोकाच्या दारात? सनाच्या दिवशी?’’ मी फुरंगटून बसले. तू दाणे घालून सगळ्या चिमण्या पुन्हा शिवल्यास. संध्याकाळी माझ्या ताटात तुझ्या वाटची अर्धी भाकरी जास्त होती.

पुण्यातच खपलेल्या पहिल्या छोट्या कामाचे पैसे मिळाले तेव्हा तू बाजाराच्या दिवशी युसूफ वडगावला गेलीस आणि माझ्यासाठी शाईचा पेन आणलास. निळा, सोनेरी टोपणाचा. स्वतःसाठी बांगड्यासुद्धा घेतल्या नाहीस. ‘‘सचिवबाईच्या हातात रिफिलचं पेन बरं दिसत न्हाई,’’ म्हणालीस. आणि त्याच दिवशी दादांना सांगून टाकलंस की यंदा दिवाळीनंतर मी कारखान्याला येणार नाही, तुम्ही भावाची जोडी करून जावा, मी गावातच शिवत राहीन. मला आठवतं, दादा पहिल्यांदाच तुझ्याकडं पाहुणीकडं बघावं तसं बघत होते. ऊसतोडीला कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बाईनं ‘येत नाही’ म्हणणं हे आपल्या वस्तीत कुणी ऐकलं नव्हतं. तू ते म्हणालीस. माय, तुझ्या आयुष्यात तू स्वतःसाठी मागितलेली ती एकच गोष्ट.

आता ते पत्र. मोठ्या कामाबरोबर पुण्याहून टाइप केलेलं दोन पानांचं पत्र आलं, मराठीतच होतं. मी सभा बोलावली आणि व्हरांड्यात उभं राहून ठसक्यात वाचायला लागले. पहिल्या पानावर चिमणीची लांबी, रंग, टाके, किती खोकी, कधीपर्यंत. ते पान संपलं आणि फाट्याकडून टँकरचा भोंगा वाजला. पाच दिवसांनी टँकर येत होता. सभा संपली असं म्हणायलाही मी उरले नाही. सगळ्या बाया घागरी घेऊन पळाल्या, काकू सगळ्यांच्या पुढं, आणि हातातला कागद घडी घालून मीही पळाले. दुसरं पान तसंच राहिलं. पुढं ती सभा पुन्हा भरलीच नाही. नियमाप्रमाणं इतिवृत्त लिहायला हवं होतं, म्हणून मी घरी बसून नव्या पेनानं झोकात लिहिलं: ‘पुण्याहून आलेल्या पत्रातील सर्व सूचना सभेत वाचून दाखविण्यात आल्या व त्या सर्वांना मान्य आहेत.’ खाली माझी सही, आणि एकेकीला गाठून घेतलेले अंगठे. असंच लिहायचं असतं, असं धारूरच्या साहेबानं शिकवलं होतं.

खोकी मांजरसुंब्यापर्यंत टेम्पोनं गेली, पुढं ट्रकनं. तू फाट्यापर्यंत टेम्पोच्या मागं चालत गेली होतीस. मुंबईच्या बंदरावर माल ऐन पावसाळ्यात गोदामात पडून राहिला, आणि तिथल्या दमट हवेत चिमण्यांच्या पोटातल्या ज्वारीला सोंडे लागले. कापडाला बारीक भोकं पाडून किडे बाहेर फिरायला लागले. तपासणीत सगळी खोकी अडवली. भादव्यात ती परत आली, आणि ताईही आल्या.

पुन्हा तोच व्हरांडा. ताईंचा चेहरा उतरलेला. त्यांनी एक चिमणी कापून सगळ्यांसमोर धरली. आतून पीठ सांडलं आणि दोन काळे किडे चालू लागले. बाया ‘‘अगं माय’’ म्हणत मागं सरकल्या. मग ताईंनी पिशवीतून आपल्याकडची नक्कल काढली आणि दुसरं पान मोठ्यानं वाचलं. ‘आतमध्ये धान्य, बी, गवत किंवा पाला यांपैकी काहीही घालू नये. असा माल परदेशात स्वीकारला जात नाही.’ त्यांनी विचारलं, ‘‘हे तुम्हाला वाचून दाखवलं होतं की नाही?’’ बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. एक म्हणाली, ‘‘सचिवबाई वाचत व्हती, तेवढ्यात ट्यांकर आला, आमी पळालो.’’ दुसरी म्हणाली, ‘‘वाचलं आसंल बाई, आमालाच ऐकू आलं नसंल.’’ ताईंनी इतिवृत्ताचं पुस्तक मागितलं. मी ते उघडून दिलं. त्यांनी माझी ओळ वाचली आणि माझ्याकडं बघितलं. ‘‘वाचलं होतंस?’’

मला अजून तो क्षण स्वच्छ आठवतो: समोर काकू, बाजूला खोक्यांचा ढीग, भिंतीवर पाढ्यांचा तक्ता. मी म्हणाले, ‘‘वाचलं होतं.’’

तू मागच्या खांबाला टेकून बसली होतीस. तू माझ्याकडं बघितलंस, पत्र वाचताना बघायचीस तसं, तोंडाकडं. मग उठून उभी राहिलीस. ‘‘वाचलं व्हतं,’’ तू म्हणालीस. ‘‘पोरीनं मला घरी बी सांगितलं व्हतं, दाने घालू नको म्हनून. मीच ऐकलं न्हाई. चूक माझी हाय, बाई. ह्या बायांचं काम बंद करू नगा.’’ व्हरांड्यात एकच गलका झाला. ज्या तुझ्या दाण्यांवर हसत होत्या, त्याच आता बोटं मोडायला लागल्या. काकू ओरडली, ‘‘सांगून बी घातलेस? दुष्काळात दाने चिंधीत घालतीस, आन् वर समद्यांच्या पोटावर पाय?’’ काकू वाईट नव्हती, माय, तिच्या घरात सात तोंडं होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते मी समोर बसून बघत होते, आणि चोराच्या हातात इतिवृत्ताचं पुस्तक होतं.

ताई म्हणाल्या की पुढच्या वर्षी काम द्यायचं तर जबाबदार कोण ते लेखी पाहिजे. मग तूच म्हणालीस, ‘‘माझं नाव काढून टाका संस्थेतनं.’’ काकूचा राग तेवढ्यात निम्मा उतरला होता, तिनं ‘‘तसं नको गं’’ म्हणून बघितलं, पण तू ऐकलं नाहीस. ठराव लिहायचं काम सचिवाचं. मी लिहिला. तू आणलेल्या पेनानं लिहिला, वळणदार अक्षरात, की सूचना देऊनही त्यांचं उल्लंघन केल्याबद्दल सदर सभासदाचं नाव कमी करण्यात येत आहे. माझ्या आईला मी ‘सदर सभासद’ म्हटलं. तू जवळ आलीस आणि विचारलंस, ‘‘कुटं लावू अंगठा?’’ मी तुझा अंगठा धरून शाईच्या गादीवर दाबला आणि कागदावर टेकवला. तू हळूच, मला एकटीला ऐकू येईल असं म्हणालीस, ‘‘रडायलीस कावून? तुजं नाव चांगलं राहिलं पायजे. माझं काय, अंगठाच हाय.’’

दिवाळी झाली आणि तू दादांबरोबर कारखान्यावर गेलीस. एका सहकारातून काढलेली बाई दुसऱ्या सहकाराच्या उसात. मी यष्टीपर्यंत आले नाही, संस्थेत सभा होती. पुढच्या वर्षी चिमण्यांचं काम पुन्हा आलं आणि पुढं काही वर्षं येत राहिलं. त्या चिमण्या रिकाम्या पोटाच्या होत्या, नीटनेटक्या, तपासून गेलेल्या. तुझ्याइतका सरळ टाका कुणाला जमला नाही, पण परदेशातल्या लोकांना काय कळतंय. मी अंबाजोगाईच्या शिवणकाम केंद्रात मुलाखतीला गेले तेव्हा तेच इतिवृत्ताचं पुस्तक बरोबर नेलं होतं. साहेबांनी पानं चाळली आणि म्हणाले, ‘‘अक्षर सुंदर आहे. कारभार चोख दिसतो.’’ त्या नोकरीवर माझा संसार उभा राहिला, पोरं शिकली, केजला घर झालं. तू मात्र पुढची बारा वर्षं ऊस तोडलास.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते मात्र त्या व्हरांड्यातलं नाही. माझा मुलगा झाला तेव्हा तू अंबाजोगाईला आलीस, त्याच्यासाठी वाकळ शिवायला. जुनी लुगडी धुऊन, वाळवून आणली होतीस. पण कोयत्यानं तुझी बोटं अशी झाली होती की सुई चिमटीत थांबेना. दोनदा पडली, तिसऱ्यांदा तू ती माझ्याकडं दिलीस आणि म्हणालीस, ‘‘तू शीव, मी बघती.’’ मी शिवत गेले. शेवटचा कोपरा आला तेव्हा तू म्हणालीस, ‘‘पोटाला कायतरी घाल गं तिच्या.’’ आणि मी, तुझी शिकलेली लेक, शिवणकामाची शिक्षिका, पटकन म्हणून गेले, ‘‘नको माय, किडे होतात.’’

तू नातवाला मांडीवर घेतलंस आणि त्याच्या टाळूला तेल चोळत राहिलीस. मी तेव्हा तरी वाकळ बाजूला टाकून तुझे पाय धरायला हवे होते. मी तो कोपरा मिटवला, दोरा तोडला आणि चहा ठेवायला उठले. पुढं तू आजारी पडलीस तेव्हाही, केजच्या दवाखान्यात तुझ्या उशाशी बसून मी तुला संत्रं सोलून देत होते, आणि रोज ठरवत होते की आज बोलायचं. डॉक्टर म्हणाले होते की आठवडाभरात घरी जातील. मी ते खरं धरलं. खरं म्हणजे मला ते सोयीचं वाटलं.

हे सगळं मी एकदा नवऱ्याला सांगितलं होतं. तो भला माणूस. म्हणाला, ‘‘अगं, तुझी काय चूक? टँकर आला, पान वाचायचं राहून गेलं. सतरा वर्षांची पोर होतीस तू. पुढं भीतीपोटी खोटं बोललीस, एवढंच.’’ मी मान हलवली. इतकी वर्षं मीही मला हेच सांगत आले: दुसरं पान राहूनच गेलं. ऐकायला बरं वाटतं, कुणालाही दया येईल. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, पेटीतही टाकणार नाही. लिहून झालं की चुलीत घालीन. आता आपल्याकडं चूल नाही, गॅस आहे, पण काहीतरी करीन. म्हणून निदान इथं तरी पुढचं लिहिते.

टँकरच्या दिवसानंतर चौथ्या का पाचव्या दुपारी मी ते दुसरं पान काढलं होतं. आपण दोघी लिंबाच्या सावलीत बसलो होतो. निम्म्याहून जास्त चिमण्या शिवून खोक्यात भरल्या होत्या. मी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. धान्य घालू नये, असं स्वच्छ लिहिलं होतं. मी खोक्यांकडं बघितलं. सगळ्या उसवाव्या लागणार, आणि सगळ्यांना कळणार की सचिवबाईनं न वाचताच इतिवृत्त लिहिलं आणि अंगठे घेतले. मी मनात म्हटलं, तीन दाणे तर आहेत, चिमणीचं पोट कापून कोण बघणार आहे? तू सुई थांबवून माझ्या तोंडाकडं बघत होतीस. ‘‘काय लिवलंय गं त्यात?’’ तू विचारलंस. मी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, ‘‘काई न्हाई माय. पत्ता हाय नुसता.’’

‘‘बरं,’’ तू म्हणालीस, आणि पदराची गाठ सोडून पुढच्या चिमणीत तीन दाणे टाकलेस.